चिखलाची चाकं

भाद्रपद अर्धा झाला की पालीच्या आसपासची भातं पोटरीला येतात आणि हवेला एक कोवळा, दुधट वास सुटतो. मी या वासातच वाढले. लग्न होऊन समुद्राकाठी गेले आणि यांच्या बदलीबरोबर पुन्हा या वासात परत आले. पण खरं सांगायचं तर भाद्रपदात मला भाताच्या आधी रबराचा वास आठवतो. चिखलात माखलेल्या नव्या रबराचा. लोकांना या महिन्यात गणपती आठवतात, गौरीच्या भाज्या आठवतात, मला टायर आठवतात. आमची नलू म्हणते, आई, हे तू माझ्या मैत्रिणींसमोर बोलू नकोस.

काल ब्लॉक ऑफिसच्या साहेबांची जीप आमच्या कुंपणाशी रुतली. ड्रायव्हर चाकं नुसती गरगर फिरवत होता आणि सगळा चिखल माझ्या जास्वंदीवर उडत होता. साहेब खाली उतरून कुणाला तरी सांगत होते की आता मोठे टायर मागवायचे, चांगले रुंद, म्हणजे ही कटकट संपेल. मला राहवलं नाही. ओसरीवरूनच म्हणाले, रुंद घेऊ नका, उंच घ्या, अरुंद आणि खोल दात्यांचे घ्या, इथे वाळू नाही, चिखल आहे. साहेबांनी मान वर करून पाहिलं. मास्तरांची बायको टायरवर मत देते हे त्यांच्या कोष्टकात बसेना. हे आत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही, म्हणजे ते हसत होते.

हसू देत. माझं टायरचं ज्ञान एवढंच आहे आणि ते मला फुकट मिळालेलं नाही.

दिघीच्या दक्षिणेला डोंगराची एक सोंड समुद्रात उतरते. तिच्या आडोशाला ते कोळ्यांचं गाव. नवाबाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, गावात मराठी शाळा नवी निघाली होती आणि तिथे यांची नेमणूक झाली. मी भातशेतीतली पोर. समुद्र आधी एकदाच पाहिला होता, तोही दुरून. पहिले काही महिने मी सुक्या मासळीच्या वासाने नाकाला पदर लावून फिरत असे आणि बायका माझ्याकडे पाहून गालात हसत. राघो नाखवांची बायको हिरामावशी एकदा म्हणाली, पदर किती दिस पुरंल? तो खरंच फार दिवस पुरला नाही.

त्या गावातून बाहेर पडायला तीन वाटा होत्या. एक खाडीतून, होडीने. दुसरी पुळणीवरून, ओहोटी लागली की उघड्या पडलेल्या वाळूवरून, थेट दुसऱ्या टोकाच्या पक्क्या सडकेपर्यंत. तिसरी मागची, डोंगराच्या पायथ्याने भातखाचरांतून आणि खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, काळ्या चिखलातून दिघीच्या धक्क्याकडे. उन्हाळ्यात तिच्यावरून बैलगाडी जायची. पावसापासून दिवाळीपर्यंत बैलसुद्धा तिकडे तोंड करत नसत. दिघीला पोचलं की पलीकडे आगरदांडा आणि मग मुरुड, आणि मुरुडच्या दवाखान्यात तेव्हा अडलेल्या बाईला सोडवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. म्हणून आम्हा बायकांच्या लेखी खरी वाट ती तिसरीच. बाकीच्या दोन्ही वाटा भरती-ओहोटीच्या मर्जीवर चालायच्या.

ही मर्जी काय असते ते मला टायर येण्याच्या आदल्या वर्षी कळलं होतं. माझी वेळ आली तेव्हा सकाळची ओहोटी होती. खाडीतल्या सगळ्या होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या. राघो नाखवा म्हणजे गावातला सर्वांत जाणता तांडेल, वादळातून होडी काढून आणणारा माणूस, तो त्या दिवशी काठावर उभा राहून पाण्याची वाट पाहत होता. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पाणी आलं, होडी उचलली गेली, शीड चढलं आणि खाडीच्या तोंडाशी माझं बाळ जन्मलं. ते रडलं नाही. हिरामावशीने त्याला मांडीवर घेतलं, चोळलं, पालथं केलं, फुंकर घातली. मग ती तशीच बसून राहिली आणि होडी मागे वळली.

त्यानंतर नाखवा आमच्या दारावरून जाताना खाली पाहून जात. त्यांची काही चूक होती का? मुळीच नव्हती. पण पाणी म्हणजे आपलं, अशी भावना असलेल्या माणसाला पाण्याने दगा दिला की तो दगा त्याला स्वतःचाच वाटतो.

पुढच्या श्रावणात मला पुन्हा दिवस भरत आले होते. त्याच सुमारास गावात टायरची चर्चा सुरू झाली.

गावात एक जीप होती. लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या मालातली, हिरवा रंग उडालेली, टप नसलेली. होड्यांच्या मालकांनी मिळून घेतली होती. ओहोटी लागली की मासळीच्या टोपल्या घेऊन ती पुळणीवरून सडकेपर्यंत जायची, तिथे बर्फ घेऊन खटारा उभा असायचा. ती चालवायचे कासमभाई. मुरुडकडचे, लढाईत ब्रह्मदेशात गाड्या चालवून आलेले, बोलायला मोजके. जीपचे जुने टायर पार गुळगुळीत झाले होते. त्या काळी टायर मिळणं म्हणजे मुलीला स्थळ मिळण्यासारखं, नुसते निरोपावर निरोप. शेवटी मुंबईच्या एका भंगारवाल्याचा सांगावा आला. त्याच्याकडे मोठ्या टायरचे चार-चारचे दोन संच होते. एक रुंद, फताडा, वाळूवर पसरून चालणारा. दुसरा उंच, अरुंद, खोल दात्यांचा, चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीवर उभा राहणारा. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. तुम्ही एक निवडा, उरेल तो त्याला देतो, असा निरोप होता.

आधी प्रश्न होता तो असा मोठा टायर त्या लहानशा गाडीला बसेल का. कासमभाईंनी यावर जी युक्ती काढली ती कोळ्यांच्याच गावात निघू शकते. त्यांनी जुन्या टायरवर काथ्याचा दोर गुंडाळला, नव्या टायरच्या मापाचा होईपर्यंत. बायका सुतळी गुंडाळतात तसे चार गडी चाकांना दोर गुंडाळत होते आणि पोरं फेर धरून होती. मग कासमभाईंनी सुकाणू पूर्ण वळवलं. पुढचं चाक मडगार्डला घासलं आणि दोराचा भुगा खाली पडला. लोहाराने मडगार्डची कड ठोकून वर घेतली, तरी अगदी टोकाला वळवलं की घासायचंच. कासमभाईंनी सुकाणूवर तांबडी खूण केली. याच्या पुढे वळवायचं नाही, टायर फाटेल. शिवाय चाक मोठं झालं की गाडी ओढायला जड होणार, ती चढावर रडणार, हेही त्यांनी सांगून ठेवलं. ही सगळी विद्या मला यांच्याकडून कळे. हे संध्याकाळी शाळा सुटली की तिथेच जाऊन उभे राहत आणि घरी येऊन मला साग्रसंगीत सांगत. मी ऐकत असे आणि दिवस मोजत असे.

निवड कुठली होणार ते उघड होतं. जीप मासळीसाठी, मासळीची वाट पुळणीची, पुळणीला रुंद टायर. नारळी पौर्णिमेनंतरचे दोन महिने म्हणजे कोळ्यांची सुगी. माझ्यासाठी कुणी काही वेगळं करावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आम्ही परगावचे, परजातीचे, आज आहोत उद्या बदली. मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी चालत जायचं. वेळेच्या आधीच निघायचं, चिखलातून हळूहळू, आणि दिघीला कुणाच्या तरी ओटीवर राहायचं. यांना हे सांगितलं तर ते कंदिलाची काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

सुकायला टाकलेल्या जाळ्यांपाशी बैठक झाली. मी नव्हते, यांनी येऊन सांगितलं ते असं. सगळे पुरुष एका सुरात रुंद टायर म्हणाले. राघो नाखवांनी काही ठरवायचं कारण नव्हतं, कारण त्या गावाची एक रीत आहे. समुद्रातली मासळी पुरुषांची. ती एकदा किनाऱ्याला लागली की बायकांची. वाटणी, भाव, विक्री, बाजाराला नेणं, सगळं बायकांचं. त्यात पुरुषाने नाक खुपसलं तर त्या रात्री त्याला कालवण मिळायचं नाही. म्हणून जीप पुरुषांच्या नावावर असली तरी तिच्यात काय घालायचं आणि ती कुठे न्यायची हे बायका ठरवत. तेव्हा नाखवांनी बायकांकडे पाहिलं आणि विचारलं, बोला, कंचे आनू?

हिरामावशी जाळ्याच्या तुटलेल्या गाठी बांधत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही म्हणे. ती म्हणाली, "उंचवाले आना. वालूत आमी चालू. चिखलात ती कशी चालंल?"

कुणीतरी विचारलं, ती कोण? आणि विचारताच त्याला कळलं. बाकीच्या बायकांनी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, त्या आपापल्या टोपल्या उचलून घरी गेल्या. कोळणी भांडायला उभ्या राहिल्या की अख्खा किनारा ऐकतो. त्यांचं गप्प उठून जाणं म्हणजे ठराव पास.

यांनी हे सांगितलं तेव्हा मी चुलीपाशी बसले होते. भाकरी करपली आणि ती तशीच आम्ही दोघांनी खाल्ली.

गणपती गेल्यावर टायर लाँचने दिघीला आले. तिथून मागच्या वाटेनेच गड्यांनी ते घरंगळत आणले, म्हणजे गावात शिरतानाच ते चिखलाने बरबटलेले. धुतल्यावर दिसले. एवढे उंच, की शाळेतली लहान पोरं त्यांच्या आतून अंग चोरून पलीकडे जात. दात्यांच्या खाचेत माझी बोटं पेरापर्यंत जायची. मी हात लावून पाहिलं तेव्हा आजूबाजूला कुणी नाहीसं पाहून लावला. मला रडू येत होतं आणि टायरला मिठी मारून रडणारी बाई लोकांनी पाहिली तर काय म्हणतील याचं हसूही येत होतं.

आणि मग तो गोंधळ झाला. कासमभाई घरच्या लग्नासाठी मुरुडला गेले होते. राघो नाखवांना वाटलं, एवढी मोलाची वस्तू, ती नुसती कशी ठेवायची? होडी पाण्यात लोटायच्या आधी तिला मुशी माशाचं तेल पाजतात, लाकूड त्याने मऊ राहतं, खारं पाणी आत घेत नाही. नाखवांनी टायरपुढे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि घरातलं उत्तम तेल काढून चारही टायरना स्वतःच्या हाताने चोळलं. एकदा चोळून उन्हात ठेवले, मग पुन्हा चोळले. मीही तिथेच पालथ्या होडीवर बसून कौतुकाने पाहत होते. टायर काळेभोर चमकत होते. आम्हाला सगळ्यांना ते फारच आवडले.

कासमभाई परत आले, त्यांनी हात लावला आणि हात चिकटला. ते मटकन वाळूत बसले. ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते एवढंच म्हणाले, "नाखवा, लाकूड तेलानं जगतं. रबर तेलानं मरतं."

नाखवांचा चेहरा मी अजून विसरले नाही. ते माझ्याकडे बघणार नाहीत म्हणून मीच उठून त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, आता ही चाकं पाण्यावर तरंगतील बघा, नाखवा, शीड तेवढं बांधा. ते हसले, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत असं हिरामावशीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मग सगळ्या कोळणी नारळाची सोडणं, राख आणि धुण्याचा सोडा घेऊन बसल्या. लुगडी वर खोचून, एकमेकींना चिडवत, नाखवांच्या पूर्वजांचा उद्धार करत त्यांनी ते टायर घासले. कासमभाई बोट फिरवून पाहत आणि पुन्हा घासायला लावत. शेवटी ते म्हणाले, वरची साल गेली, आतलं रबर शाबूत आहे. बसवायच्या आधी काही दिवस सावलीत ठेवले, आमच्या शाळेच्या पडवीत. पोरं त्यांना टेकून पाढे म्हणत. तेल, राख, रबर, सगळ्याचा मिळून जो वास होता तोच मला दर भाद्रपदाला येतो.

आश्विन लागायच्या आत माझी वेळ आली, अपेक्षेपेक्षा लवकर. टायर बसवून झाले होते, पण मागच्या वाटेवर कुणी अजून जीप घातली नव्हती. दुपार होती. मी पहिली कळ आली तशी खिडकीतून खाडीकडे पाहिलं. ओहोटी होती. होड्या कुशीवर पडल्या होत्या. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. हे निरोप द्यायला धावले आणि थोड्याच वेळात बाहेर जीपचा आवाज आला.

मागे गोधडीवर मी, माझं डोकं हिरामावशीच्या मांडीवर, पायाशी हे. पुढे कासमभाई. आणि जीपच्याही पुढे, चिखलात, राघो नाखवा. हातात होडीचा बांबू. अनोळखी खाडीत शिरताना नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभं राहून जसं पाणी मोजतात तसे ते चिखल मोजत चालले होते. बांबू खुपसायचे आणि न वळता सांगायचे, "तल हाय." जीप तेवढी पुढे यायची. "तल हाय." दाते चिखल कापत खाली उतरायचे, मला वाटायचं आता बुडालो, आणि मग खालून घट्ट काहीतरी लागायचं आणि गाडी उभी राहायची. मला त्या वेळचं दुखणं आठवत नाही, ते दोन शब्द आठवतात. या जगात कुणीतरी आपल्यापुढे चालतंय आणि खाली तळ आहे की नाही ते आपल्याला सांगतंय, याहून मोठा आधार मला आजवर मिळालेला नाही.

खाजण संपत आलं तिथे नाखवा थांबले. बांबू अर्ध्याच्या वर आत गेला होता. ते म्हणाले, "न्हाय." कासमभाईंनी डावीकडचा बांध पाहिला. त्याच्यावर चढायचं तर सुकाणू तांबड्या खुणेच्या पुढे न्यायला हवं होतं. त्यांनी नेलं. टायर मडगार्डवर घासला, असा आवाज झाला की यांनी डोळे मिटले, जळक्या रबराचा वास आला आणि जीप रडत, ओरडत बांधावर चढली. टायर फाटला नाही. हिरामावशी माझ्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, नाखव्यानं तेल पाजलंय, फाटंल कसा?

दिघीची खाडी खोल, तिथल्या तरीला ओहोटीचं भय नसतं. आम्ही पलीकडे गेलो. मूल पायाळू होतं. मुरुडच्या डॉक्टरीणबाईंनी दिवेलागणीच्या आत ते सोडवलं आणि ते रडलं. काय रडलं. बाहेरच्या पायरीवर नाखवा, कासमभाई आणि हे चिखलाने माखलेले बसले होते, त्यांना आत यायला मनाई होती. रडणं ऐकून नाखवा उठले आणि कुणाला न सांगता समुद्राकडे निघून गेले, असं यांनी सांगितलं. ती आमची नलू. आता ती जरा मोठी होऊन मला टायरबद्दल बोलू नकोस म्हणते.

कधी कधी वाटतं, तिला हे सगळं सांगावं. मग वाटतं, एवढ्या लहान वयात कुणाचं इतकं देणं तिच्या डोक्यावर कशाला? तिला मोकळी उड्या मारू दे.

मुरुडला मला बरेच दिवस राहावं लागलं. गावात परतले तेव्हा आश्विन संपत आला होता, हवा कोरडी झाली होती आणि किनाऱ्यावर मासळीचा नुसता पूर होता. नलूला घेऊन मी पुळणीवर गेले. जीप माडांखाली उभी होती. उंच, अरुंद टायर वाळूत गेले की दाते वाळू उपसत आणि गाडी जागच्या जागी खाली बसे. दोनतीनदा ओढून काढल्यावर त्यांनी तो नाद सोडून दिला होता. आणि पुळणीवरून, त्या टोकाच्या सडकेपर्यंत, कोळणींची रांग चालली होती. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली, टोपलीतून गळणारं पाणी खांद्यावर, पाय घोट्यापर्यंत वाळूत. जीप यायच्या आधी ज्या चालत होत्या त्या पुन्हा चालत होत्या. मी मुरुडला गादीवर पडले होते तेवढे सगळे दिवस त्या चालत होत्या. मला हे कुणी कळवलं नव्हतं.

हिरामावशी रांगेतून मला पाहून बाजूला झाली. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. आभार हा शब्द आमच्यात तेव्हा सभेत वापरत, माणसाला माणूस म्हणत नसे. मी म्हणाले, मावशी, माझ्यापायी तुम्हा सगळ्यांच्या डोक्यावर हे ओझं आलं.

तिने टोपली खाली ठेवली. चुंबळ काढून मान इकडून तिकडे वळवली. मग म्हणाली, "बाय, टोपलीचं काय, पोचलं की उतरवता येते."

तिच्याही मांडीवर त्या न रडलेल्या बाळाचं ओझं वर्षभर होतं हे मला तेव्हा कळलं. मी आई म्हणून माझंच धरून बसले होते.

ती पाण्यापर्यंत चालत गेली, हात खळखळून धुतले, पदराला पुसले, हुंगून पाहिले आणि पुन्हा धुतले. मग येऊन नलूला घेतलं. नलू झोपेतून जागी होऊन कुरकुरली आणि मोठ्याने रडायला लागली. मी पुढे झाले तर तिने मान हलवून मला थांबवलं. पोरीला छातीशी धरून ती तिचं रडणं ऐकत उभी राहिली. सडकेवरून खटाऱ्याने भोंगा वाजवला, बायकांनी तिला हाका मारल्या, तरी तिने पोरीला गप्प केलं नाही.